अर्ध्याच्या मायचं काय झालं

आमच्या घरात गोष्ट सांगण्याची एक रीत आहे. सांगणारा वाक्य संपवून थांबला की ऐकणाऱ्याने ‘हूं’ म्हणायचे. म्हटले नाही तर गोष्ट तिथेच अडते. समोरचे माणूस पेंगले आहे की रुसले आहे, हे कळल्याशिवाय पुढे जायचे नाही, असे माझी आई म्हणते. हा हुंकार देण्यात माझी धाकटी बहीण फार पटाईत. भीतीच्या जागी तिचा ‘हूं’ आखूड आणि घशातला, पुढे काय होणार हे आधीच ओळखले असेल तर जरा लांबलेला, आणि माझी थाप तिच्या लक्षात आली असेल तर नाकातून आलेला. मी आज बारा-बारा पंधरा-पंधरा बाकांच्या वर्गात जीवशास्त्र शिकवतो. पण शिकवताना कुठे थांबायचे हे मी बी.एड.च्या आधीच तिच्यापुढे बसून शिकलो. त्याबद्दल मी तिचा ऋणी आहे. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात माझे मन फारसे चांगले दिसणार नाही.

आमचे गाव नायगावपासून आत आहे. दहावीनंतर शिकायला बाहेर पडलेला घरातला मी पहिलाच. नांदेडला हॉस्टेलवर राहायचो. तिथल्या मुलांनी मला एकदा सिनेमाला नेले. सिनेमा इंग्रजी, पण बोलणे सगळे हिंदीत बसवलेले. त्याचा नायक अर्धा माणूस आणि अर्धा पिशाच होता. त्याची आई इस्पितळात नर्स, पोटुशी असताना तिला पिशाच चावलेले. बाळ झाल्यावर आपल्याच हातून त्याला काही होऊ नये म्हणून ती त्याला शालीत गुंडाळून एका दारात ठेवते आणि उजाडायच्या आत निघून जाते. पुढे तो मोठा होऊन पिशाचांशी लढतो. भिंतीवर सरसर चढतो, त्याला उन्हाने काही होत नाही, फक्त त्याची सावली कमरेपर्यंतच पडते. आणि दुरून येणाऱ्या माणसाच्या काळजाच्या ठोक्यावरून तो माणूस ओळखतो.

शनिवारी दुपारच्या बसने गावी गेलो. आई आणि बहीण अंगणात बियाण्यासाठी शेंगा फोडत बसल्या होत्या. मीही बसलो आणि फोडता फोडता सगळा सिनेमा सांगितला. मारामाऱ्या सांगताना शेंगा हातात तशाच राहायच्या आणि आई ओरडायची, “तोंड चालू दे, पण हात बी चालू दे की.” बहीण तेव्हा नववीत होती. आमच्या गावातल्या मुलींनी थिएटरात जाऊन सिनेमा बघायचा काळ अजून यायचा होता.

“मंग त्यो जेवतो का न्हाई?” तिने विचारले.

“थोडं थोडं.”

“अर्धंच जेवत असंल,” आई म्हणाली, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात त्याचे नाव ‘अर्धा’ पडले. त्याचे सिनेमातले खरे नाव आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हते. पुढे पुढे मलाही आठवेनासे झाले.

दुसरा भाग आला तेव्हा मी एम.एस्सी. करत होतो. तो भाग पहिल्यापेक्षाही चांगला होता, आणि त्याचा शेवट असा की मी सांगताना माझ्याच अंगावर काटा आला. बाजारातल्या गर्दीत अर्धा उभा आहे. चारी बाजूंनी माणसांच्या काळजाचे ठोके त्याला ऐकू येत आहेत. आणि त्यात एक ठोका असा, की जो त्याने जन्मायच्या आधी, पोटात असताना ऐकलेला. तो मागे वळतो. अंधार. सिनेमा संपला.

मी थांबलो. हुंकार आलाच नाही. पाहिले तर बहिणीचे डोळे भरलेले. मी तिला सांगितले की हे खोटे नाही, पोटातल्या बाळाला आईच्या काळजाचा ठोका खरोखर ऐकू येतो, आमच्या पुस्तकात आहे. आई म्हणाली, “पुस्तकात कशाला पायजे. पण पुढं? त्याच्या मायचं काय झालं?”

“ते तिसऱ्या भागात.”

“कवा येणार हाय त्यो?”

ते मला माहीत नव्हते. त्या दिवशी बहिणीने मला सांगून टाकले, “तिसरा आपण दोघं बघू. थिटरात. तवर तू एकटा बघू नको, मी बी बघत न्हाई.”

मधे बरीच वर्षे गेली. मला नांदेडला कनिष्ठ महाविद्यालयात नोकरी लागली. बहिणीने नायगावला येऊन-जाऊन बी.ए. केले. तिचे स्थळ मीच पाहिले. लातूरचे घर, सासरे निवृत्त मुख्याध्यापक, मुलगा क्लासेसमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारा. पाहायला गेलो तेव्हा तो त्याच्या पुतण्याला प्रकाशाचे वक्रीभवन समजावून सांगत होता, हातात पाण्याचा पेला आणि त्यात चमचा. मी दारातच दोन मिनिटे उभा राहून ऐकले आणि मनात म्हटले, हा माणूस आपल्या बहिणीशी नीट बोलेल. म्हणजे पुढे मला ज्या गोष्टीचा त्रास झाला ती मीच पसंत करून आणली होती.

लग्नानंतर ती नवऱ्याला ‘सर’ म्हणू लागली. तिकडे तशी पद्धतच आहे, त्यात काही नाही. पण फोनवर ती म्हणायची, “सर म्हणत होते की...” आणि मला वाटायचे, वर्गात मलाही साठ मुले सर म्हणतात.

तर तिसरा भाग आला तो अधिक मासात. आमच्याकडे अधिकात जावयाला धोंड्याचे जेवण घालतात. पुरण भरलेले धोंडे, अनारसे, वर ताम्हण आणि दिवा. त्यासाठी लेकीला माहेरी आणायला भाऊ जातो, त्याला मुराळी म्हणतात. लेक मुराळ्यासोबत आधी येते आणि जावई जेवणाच्या दिवशी. मी हिशोब केला होता की शनिवारी लातूरला जायचे, दुपारचा खेळ आम्ही दोघांनी बघायचा आणि रविवारी सकाळच्या बसने तिला घेऊन निघायचे. नांदेडला तो सिनेमा लागून आठवडा झाला होता. स्टाफरूममध्ये लोक त्याविषयी बोलू लागले की मी वह्या घेऊन बाहेर व्हरांड्यात जायचो. एका सहकाऱ्याने तर हाक मारून सांगितले, “अहो, जाऊ नका सिनेमाला, पार वाटोळं केलंय.” मी कान झाकून पुढे गेलो. सगळे हसले.

लातूरला पोचलो तेव्हा बहिणीच्या सासूबाईंनी दार उघडले. पाणी दिले, चहा टाकते म्हणाल्या. बहीण आत स्वयंपाकघरात होती आणि सरही तिथेच. तो तिला त्याच्या क्लासमधली काहीतरी गंमत सांगत होता, एका मुलाने प्रयोगवहीत काय लिहिले त्याची. मला शब्द नीट ऐकू येत नव्हते. मला ऐकू येत होता तो तिचा ‘हूं’. तोच. आधीच ओळखल्यावरचा, जरा लांबलेला. तो एक वाक्य बोलायचा, थांबायचा, आणि ती द्यायची. मी पाण्याचा तांब्या हातात धरून बसलो होतो. इतकी वर्षे मला वाटत होते की तो हुंकार आमच्या अंगणातला आहे. तो तिने सोबत नेला असेल, असे कधी डोक्यातच आले नव्हते.

ती बाहेर आली. “दादा! कवा आलास? हाक बी न्हाई मारली.”

“आत्ताच. आवर, दुपारचा खेळ आहे ना.”

तिच्या मागोमाग सरही बाहेर आला होता. सरने तिच्याकडे पाहिले. मग तोच बोलला, आणि फार मनापासून बोलला. “दादा, चूक माझी आहे. हिच्या तोंडून अर्धा, अर्धा ऐकून ऐकून मला वाटलं, आपण हिला सरप्राइज द्यावं. गुरुवारीच तिकिटं काढली. थिएटरात बसल्यावर कळलं की तुमच्या दोघांचं ठरलं होतं. तोवर सुरू झाला होता.”

“मी डोळे मिटून बसणार होते,” बहीण म्हणाली. “पण दादा, आवाज तर येतोच की.”

“बरं झालं,” मी म्हणालो. “त्यात काय. कुणी तरी बघितला ना.”

“पण लई भंगार हाय रे,” ती म्हणाली, आणि दोघे एकदम हसले.

हे ऐकून मला बरे वाटले. भंगार आहे, छान झाले. चांगला असता तर त्याने दाखवलेला चांगला सिनेमा तिच्या आयुष्यभर लक्षात राहिला असता. हा विचार मला चहाचा पहिला घोट घेताना आला आणि तो घोट मला गोड लागला, हे लिहून ठेवतो.

सरने हट्टच धरला की तिघांनी पुन्हा बघायचा. मी नको नको म्हणालो. “दादा, तुम्ही आठवडाभर थांबलात, आता बघायलाच पाहिजे. आणि भंगार आहे हे स्वतः बघितल्याशिवाय मजा नाही.” तिकिटेही त्यानेच मोबाइलवर काढली. ती मधे बसली, मी एका बाजूला, तो दुसऱ्या.

सिनेमा खरोखरच वाईट होता. अर्ध्याला तिघे तरुण जोडीदार दिले होते, ते सारखे विनोद करत होते, आणि अर्धा बिचारा आपल्याच सिनेमात लग्नाला उशिरा आलेल्या पाहुण्यासारखा भिंतीला टेकून उभा. पिशाचांचा राजा उंच इमारतीत बसून नुसती भाषणे करायचा. सावलीचा तर विसरच पडला होता. दोन ठिकाणी अर्ध्याची सावली चांगली पायापर्यंत पडलेली मी स्वतः पाहिली. मी हे बहिणीला सांगायला वळलो, तर सर तिला तेच बोट करून दाखवत होता आणि ती मान हलवत होती. गुरुवारीच त्यांनी ते पकडले होते.

पुढेही तसेच चालले. एखादा फालतू विनोद यायच्या आधी दोघे एकमेकांकडे बघायचे. सर पुढे वाकून मला म्हणायचा, “दादा, आता बघा, आता कार उडणार.” कार उडायची. बहीण तोंडाला ओढणी लावून हसायची. मी पडद्याकडे बघत होतो आणि मला हळूहळू कळत होते की माझे दुःख त्यांनी सिनेमा बघितला याचे नव्हतेच. त्या निराशेत माझा वाटा होता. दोन भागांची गोष्ट मी सांगितलेली, वर्षानुवर्षे वाट आम्ही दोघांनी पाहिलेली, मग ती मोडली तर आमच्या दोघांची मोडायला हवी होती. ती तिने त्याच्यासोबत मोडून घेतली होती. घरी जाताना रिक्षात दोघे त्यावर बोलले असतील, जेवताना बोलले असतील, अजून बोलत होते. आणि मी तिच्या शेजारी बसून दोन दिवस शिळी झालेली निराशा एकटाच खात होतो.

मग ती जागा आली. एक जोडीदार गोळ्या भरता भरता अर्ध्याला म्हणतो, “तुझी आई? ती तर केव्हाच गेली.” अर्धा मान हलवतो. पुढची मारामारी सुरू. बस्स, एवढेच. तो बाजार, तो ठोका, तो वळला होता, त्याचे काहीच नाही. शेवटी त्याला एक इंजेक्शन देतात आणि तो पूर्ण माणूस होतो.

दिवे लागले. लोक उठत होते. बहीण माझ्याकडे न बघता म्हणाली, “एका सुईत पुरा झाला बघ.”

रविवारी सकाळी आम्ही दोघे नांदेडच्या बसमध्ये बसलो. मी मुराळी, म्हणून खिडकी तिला. औशाकडून आलेली बस होती, गच्च भरलेली. अहमदपूर मागे पडले. तीच म्हणाली, “रागावलास?”

“कशाला रागावू?”

“मंग सरांशी पाहुण्यासारखं का बोलून राहिला होतास? ‘तुम्ही बसा’, ‘तुम्हीच घ्या’. त्यांना रात्रभर वाईट वाटलं.”

“पाहुणेच आहेत ते. धोंडे खायला बोलावलंय.”

तिने नाकातून ‘हूं’ केले. मग बराच वेळ खिडकीबाहेर सोयाबीन बघत राहिली. लोह्याच्या अलीकडे तिने वळून विचारले, “दादा, मायला काय सांगायचं?”

हा विचार माझ्या मनातच आला नव्हता. आई कधी थिएटरात गेलेली नाही, जाणारही नाही. पण अधूनमधून, भाकरी थापताना किंवा मी फोनवर असताना, तिचा प्रश्न येतोच. अर्ध्याच्या मायचं काय झालं रे? निघायच्या आदल्या दिवशीही तिने फोनवर सांगितले होते, “बघून या दोघं. मंग मला सांगा, लई वर्सं झाली.” तिच्यापुढे गोळ्या भरता भरता ‘केव्हाच गेली’ असे म्हणायचे?

“मी बघतो,” मी म्हणालो. “सांगेन काहीतरी.”

“काहीतरी न्हाई. तू सांगायचास तसं.”

मला इतके बरे वाटले की मी तिला नांदेडच्या स्टँडवर उसाचा रस पाजला, तिला सर्दी असताना.

धोंड्याच्या दिवशी सर सकाळीच आला. आईने त्याचे पाय धुतले, पाटावर बसवले, आग्रह करकरून वाढले. तो लाजून ‘पुरे’ म्हणत होता आणि धोंडे मात्र खात होता. वडील शेजारी, मी समोर. ताम्हण दिले, दिवा दिला. आणि आई अनारशांचे ताट घेऊन त्याच्यापुढे बसली आणि म्हणाली, “पाहुणे, तुमी बघितला म्हणं त्यो शेवटचा. सांगा की. ह्या दोघांनी आल्यापासून धड काई सांगितलं न्हाई. उद्या सांगतो, परवा सांगतो.”

मी खरोखरच उद्या, परवा करत होतो. मला ती गोष्ट नीट जुळवायची होती. आणि आता ती जावयाच्या पानात वाढली गेली. आई मला सोडून दुसऱ्या कुणाला गोष्ट सांग म्हणते, हेही मला पहिल्यांदाच दिसत होते.

सरने सुरुवात केली. तो चांगले सांगतो, हे मला मान्य करावे लागेल. जोडीदार, राजा, इमारत, उडणारी कार, सगळे क्रमाने, फळ्यावर आकृती काढल्यासारखे. कुठे थांबायचे ते त्याला कळते. तो थांबला की माझी आई ‘हूं’ म्हणायची. माझी आई! मी पानातला भात इकडचा तिकडे करत होतो. बहीण दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती.

“मग एक जण बंदुकीत गोळ्या भरत असतो,” सर म्हणाला, “आणि तो अर्ध्याला म्हणतो, की तुझी आई...”

आणि तो थांबला. आईचा ‘हूं’ आला नाही. तिने ताट खाली ठेवले होते आणि पदराने हात पुसून ती नुसती त्याच्याकडे बघत होती. मला वाटते त्या क्षणी त्याला ते दिसले. तो खोटे बोलणारा माणूस नाही, उत्तराच्या मागे एकक लिहिले नाही तर गुण कापणारा माणूस आहे. त्याने माझ्याकडे पाहिले, मग दाराकडे.

“पुढचं दादांना विचारा,” तो म्हणाला. “मला तिथं डुलकी लागली होती.”

“कार उडत असताना डुलकी?” वडील म्हणाले.

“हो ना.”

मला त्याचा राग आला. गोष्टही त्याने दिली आणि ती परत करण्याचा मोठेपणाही त्यानेच घेतला. उपकार म्हणून मिळालेली जागा कशाला घ्यायची, असे म्हणून मी उठणार होतो. पण आई वळून माझ्याकडे बघत होती.

मी सांगायला लागलो. गोळ्या भरणाऱ्याला मी खोटारडा केला. तो म्हणतो, तुझी आई केव्हाच गेली, पण अर्ध्याला त्याच्या काळजाचा ठोका चुकलेला ऐकू येतो, आणि त्यावरून त्याला कळते की हा खोटे बोलतो आहे. तो सगळ्यांना तिथेच सोडून बाजारात परत जातो. गर्दी तीच. डोळे मिटून उभा राहतो. एकेक ठोका बाजूला सारत, जसे आपण दाण्यांतून फोलपट बाजूला...

“हूं,” सर म्हणाला.

वाक्य अजून पुरे झाले नव्हते. मी अडखळलो. वडील हसले.

“असं मधीच न्हाई हो सर,” बहीण दारातून म्हणाली. “दादा थांबला की द्यायचा.”

तिने लग्नाला इतकी वर्षे होऊनही त्याला ते शिकवले नव्हते. घरी ती देत होती आणि तो घेत होता. द्यायची वेळ त्याच्यावर आलीच नव्हती. मला जे सुख झाले ते मी चेहऱ्यावर दिसू दिले नाही, निदान प्रयत्न केला.

पुढे सांगितले. भाजीच्या गाड्याआड एक म्हातारी बाई, तोंडावर पदर. तिलाही त्याच्या काळजाचा ठोका ओळखू येतो, कारण तीही अर्धीच राहिलेली असते. इतकी वर्षे ती त्याच्या मागे मागे फिरत होती, पुढे यायचे धाडस नव्हते. तो तिच्यापुढे जाऊन उभा राहतो. ती म्हणते, वाळलास रे. जेवलास का?

“आन् ते सुई टोचून पुरा करत्यात म्हणं त्याला?” आईने विचारले. बहिणीने तेवढे तिला आधीच सांगून टाकले होते.

“द्यायला येतात. तो नको म्हणतो.”

“मंग बरं,” आई म्हणाली. “न्हाई तर मायचा ठोका कसा ऐकू आला असता त्याला.” आणि तिने सरच्या ताटात आणखी एक अनारसा ठेवला. “खरंच असं दाखवलं?”

हा प्रश्न तिने मला विचारला नाही, मुलीला विचारला.

“हाव,” बहीण म्हणाली. “असंच.”

सरने मान खाली घालून अनारसा मोडला. मी शेवटचे वाक्य सांगितले, की दोघे बाजारातून निघाले तेव्हा ऊन होते आणि रस्त्यावर त्यांच्या दोन अर्ध्या सावल्या पडल्या होत्या. आणि थांबलो.

बहिणीचा हुंकार आला. त्याच्या पाठोपाठ सरचाही आला, या वेळी बरोबर जागी, फक्त जरासा उशिरा. तेवढा उशीर मला पुरला.